दीड व्होल्ट आले कुठून? मॉडेल बोटीच्या ग्लो इग्नायटरचा छोटा इतिहास

मागच्या लेखात लिटरेचर रिव्ह्यूबद्दल लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: "जुने पेपर वाचायचे हे ठीक आहे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी वाचून आमच्या प्रयोगाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका वस्तूचा इतिहास सांगते. वस्तू साधी आहे, घरी बनवता येते, आणि ती बनवताना मी स्वतः एक मूर्खपणा केला, तोही सांगणार आहे.

ही वस्तू म्हणजे ग्लो प्लग पेटवायचा इग्नायटर.

रेसिंगच्या मॉडेल बोटी तुम्ही पाहिल्या नसतील तर आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. दोन-अडीच फूट लांबीची बोट, आत 3.5 सीसीचं किंवा 7.5 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल नाही, इंधन म्हणजे मेथॅनॉल. त्यात वंगण म्हणून एरंडेल किंवा सिंथेटिक तेल, आणि बहुतेक वेळा थोडं नायट्रोमिथेन. सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटा प्लग असतो. त्याच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं. तळ्याच्या काठावर बोट स्टँडवर ठेवायची, प्लगला इग्नायटरची क्लिप लावायची, तार लालभडक होते. मग स्टार्टरच्या पट्ट्याने फ्लायव्हील फिरवायचं. इंजिन सुरू झालं की क्लिप काढून घ्यायची आणि बोट पाण्यात सोडायची.

क्लिप काढली तरी प्लग तापलेलाच राहतो. बोटीत बॅटरी नाही, कॉइल नाही, ठिणगी नाही. तरीही इंजिन मिनिटाला हजारो फेरे फिरत राहतं.

म्हणजे इग्नायटरचं काम फक्त सुरुवातीच्या काही सेकंदांचं. त्यासाठी लागतो तो एक सेल, दोन वायर आणि एक क्लिप. कुठल्याही प्लगच्या माहितीत लिहिलेलं असतं: सुमारे 1.5 व्होल्ट, 3 अ‍ॅम्पियरच्या आसपास. आज आपला प्रश्न इतकाच: हे दीड व्होल्ट कुठून आले? कुणी ठरवले?

बॅटरी काढल्यावर तार तापलेली का राहते?

दीड व्होल्टांकडे जायच्या आधी हे समजून घेऊ, कारण इग्नायटर नावाची वेगळी वस्तू जन्माला आली ती यामुळेच.

1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार केला. त्यानंतर ते ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणांवर प्रयोग करत राहिले. 1817 च्या सुरुवातीला त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडलं. तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार अशा मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती तापलेली, चमकत राहते. मिश्रण पेटत नाही, पण तारेच्या पृष्ठभागावर ज्वलन चालू असतं आणि त्याची उष्णता तारेला तापलेलं ठेवते. ईथर आणि अल्कोहोलच्या वाफेतही हेच घडतं.

डेव्ही इथेच थांबले नाहीत. त्यांनी इतर धातूंच्या तारा घेऊन पाहिल्या. पॅलेडियम चालला. तांबं, चांदी, सोनं, लोखंड, जस्त चालले नाहीत. रिसर्चला येणाऱ्यांनी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी. "हे चालतं" एवढं सांगणारा प्रयोग अर्धाच असतो. "हे चालतं, ते चालत नाही" सांगणारा प्रयोग पुढच्या माणसाला प्रश्न देतो. तापलेली तार हेच कारण असतं तर कुठलीही तार चालायला हवी होती. ती चालली नाही, म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागात काहीतरी आहे.

पुढे 1820 मध्ये त्यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही यांनी दाखवलं, की प्लॅटिनमची अगदी बारीक पूड अल्कोहोलने ओलसर केली तर बाहेरून न तापवताही ती तापते. 1823 मध्ये येना इथे डोबेरायनर यांनी प्लॅटिनमच्या स्पंजावर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो पेटला. त्यावरून त्यांचा प्रसिद्ध दिवा आला: जस्त आणि आम्लापासून हायड्रोजन, तो प्लॅटिनमवर, की ज्योत तयार. 1835 मध्ये बर्झेलियस यांनी अशा सगळ्या विखुरलेल्या निरीक्षणांना एक नाव दिलं, ज्याला आपण मराठीत उत्प्रेरण म्हणतो. आणि 1860 च्या दशकात हॉफमान यांनी मेथॅनॉलची वाफ आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेऊन फॉर्मल्डिहाइड मिळवलं. मेथॅनॉल, हवा, तापलेलं प्लॅटिनम. बोटीच्या प्लगमधली सगळी पात्रं 1860 च्या दशकात एकत्र हजर होती.

इथे एक सावधगिरी. हा क्रम वाचून "डेव्हीपासून सरळ रेष ग्लो प्लगपर्यंत येते" असं लिहून टाकायचा मोह होतो. लिहू नका. दोन गोष्टींमागचं विज्ञान एक आहे म्हणजे दुसरी पहिलीतून निघाली असं नाही. त्यासाठी पत्र, वही, पेटंट असा काही पुरावा लागतो. आपण एवढंच म्हणू शकतो, की प्लगच्या तारेत जे घडतं ते 1817 मध्ये पाहिलं गेलं होतं.

बॅटरी बोटीतून काठावर कशी आली?

इंजिन पेटवण्यासाठी तापलेली वस्तू वापरणंही जुनंच. 1886 मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी नेकार नदीवर मोटरबोट चालवली. तिच्या इंजिनात तापलेल्या नळीने मिश्रण पेटत असे. पण त्या नळीला बाहेरून बर्नर लावलेला असायचा, आणि इंजिन चालू असेपर्यंत तो जळत ठेवावा लागे. उष्णता टिकवायचं काम नळी स्वतः करत नव्हती.

मॉडेल बोटींचा छंद त्या काळात वाफेवर चालला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधला मॉडेल स्टीम बोट क्लब 1904 चा. पेट्रोल इंजिनं आली तशी त्यांच्याबरोबर ठिणगीची सगळी यंत्रणाही बोटीत आली: कॉइल, कंडेन्सर, संपर्क जोडणारे-तोडणारे पॉइंट, आणि या सगळ्यांसाठी बॅटरी. 1930 च्या दशकात अमेरिकेत ब्राउन ज्युनियरसारखी सुमारे 10 सीसीची इंजिनं लोकांच्या हाती आली, तीही ठिणगीचीच. विमानात प्रश्न वजनाचा होता. बोटीत वजन थोडं चालतं, पण तिथे पाणी. वेगात जाणाऱ्या बोटीत तुषार आत येणारच. कॉइल ओली झाली, पॉइंटवर थेंब बसला, की बोट तळ्याच्या मध्यावर बंद.

1947 मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी मॉडेल इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला. छोट्या स्पार्क प्लगच्याच आट्यांमध्ये तो बसत असल्याने हातातल्या इंजिनावरही लावता येई. इंधन मात्र मेथॅनॉलचं हवं. दाबामुळे तापलेलं मिश्रण आणि प्लॅटिनमवरचं ज्वलन, दोन्ही मिळून तार तापलेली ठेवतात. ठिणगीची वेळ जुळवायचा लिव्हर नाही. कधी पेट घ्यायचा ते इंजिनाचा दाब, इंधन आणि प्लगचं 'गरम' किंवा 'थंड' असणं मिळून ठरवतात.

आता बोटीच्या नजरेने बघा. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, पॉइंट गेले. बॅटरी नाहीशी झाली नाही, ती बोटीतून उतरून काठावर आली. काठावर कोरडं असतं, वजनाची चिंता नसते. या काठावर आलेल्या बॅटरीचं नाव इग्नायटर. आणि ती पहिल्या दिवसापासून बहुतेकांनी घरीच बनवली, कारण बनवायला काही नव्हतंच.

लेबलवरचा आकडा आणि सेलची वागणूक

त्या काळी घरात, दुकानात सहज मिळणारा जाडजूड सेल म्हणजे 'नंबर 6' ड्राय सेल. सहा इंच उंच, अडीच इंच व्यासाचा. 1896 मध्ये अमेरिकेत कोलंबिया नावाने असा सेल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. तो टेलिफोनला लागायचा, दारावरच्या घंटीला लागायचा. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडच्या रसायनामुळे त्याचं व्होल्टेज दीड. तुमच्या रिमोटमधल्या पेन्सिल सेलचंही तेवढंच. व्होल्टेज सेलच्या आकारावर नाही, रसायनावर ठरतं.

प्लगच्या तारेची लांबी आणि जाडी अशा सहज मिळणाऱ्या एका सेलवर लाल व्हावी अशी ठेवणं सोयीचं होतं. दीड व्होल्ट हा प्लॅटिनमचा गुणधर्म नाही, मेथॅनॉलचाही नाही. तार थोडी लांब आणि बारीक केली असती तर प्लग 3 व्होल्टचाही झाला असता. आकडा आला तो सेलच्या रसायनातून. तो सेल आज कुणाकडे नाही, आकडा मात्र आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. तापलेल्या प्लगचा रोध 0.4 ओम धरा. थोड्या वापरलेल्या ड्राय सेलचा स्वतःचा, म्हणजे अंतर्गत रोध 0.1 ओम धरा. एकूण 0.5 ओम, 1.5 व्होल्ट, म्हणजे 3 अ‍ॅम्पियर. प्लगच्या टोकांवर मिळाले 3 गुणिले 0.4, म्हणजे 1.2 व्होल्ट. उरलेले 0.3 व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च झाले.

म्हणजे 'दीड व्होल्टचा' प्लग दीड व्होल्टवर चालतच नव्हता! लेबलवर 1.5, प्लगवर 1.2.

आता निकेल-कॅडमियम सेल घ्या. त्याचं व्होल्टेज 1.2. पुढच्या काळात अनेकांनी इग्नायटरमध्ये हाच वापरला, आणि 'कमी व्होल्टेज असून चालतो कसा' असा प्रश्न नवख्यांना हमखास पडायचा. त्याचा अंतर्गत रोध 0.01 ओम धरला तर करंट येतो साधारण 2.9 अ‍ॅम्पियर, आणि प्लगवर मिळतात 1.17 व्होल्ट. जवळपास तेवढेच. लेबलवरचे आकडे वेगळे, प्लगपाशी वागणूक सारखी.

दुसरी वागणूक याहून महत्त्वाची. प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर वाढतो. इंजिनात इंधन जास्त गेलं की तार ओली होऊन थंड पडते आणि तिचा रोध कमी होतो. समजा 0.4 वरून 0.3 ओम झाला. ड्राय सेलवर करंट आता 3.75 अ‍ॅम्पियर होईल. तारेत उष्णता आधी 3.6 वॉट होती, ती झाली 4.2 वॉट. तार थंड पडली तर सेल आपोआप जास्त उष्णता देतो, तार तापली की कमी करतो. कुठलंही सर्किट नाही, कुणी डिझाइन केलेलं नाही. कमी अंतर्गत रोधाचा सेल आणि तापमानाबरोबर रोध वाढणारी तार शेजारी आली, आणि नियंत्रण फुकटात मिळालं.

सेल बदलला तेव्हा काय हरवलं

बोटवाल्यांकडे काठावर 12 व्होल्टची बॅटरी असतेच, कारण इलेक्ट्रिक स्टार्टर त्यावर चालतो. मग प्लगसाठी वेगळा सेल कशाला बाळगायचा? याच बॅटरीतून एक रोध मालिकेत लावून 3 अ‍ॅम्पियर काढू. हिशेब सोपा: 12 भागिले 3, एकूण 4 ओम. प्लगचे 0.4 वजा करून 3.6 ओमचा रेझिस्टर लावायचा.

आकडा बरोबर. प्लगवर 1.2 व्होल्ट, 3 अ‍ॅम्पियर, अगदी हवं तेच. एकूण 36 वॉटपैकी 32.4 वॉट रेझिस्टरमध्ये जातात, पण बॅटरी मोठी आहे, चालवून घेऊ.

आता तार ओली करा. रोध 0.3 झाला. एकूण 3.9 ओम, करंट 3.08 अ‍ॅम्पियर, म्हणजे जवळपास तेवढाच. आणि तारेत उष्णता? 3.6 वरून 2.8 वॉट. तार थंड पडली आणि आपण तिला आणखी कमी उष्णता दिली. ड्राय सेल जे करत होता त्याच्या अगदी उलट. काठावर हे असं दिसतं: हातात प्लग काढून पाहिला तर मस्त लाल, इंजिनात बसवून इंधन गेलं की मलूल. माणूस प्लगला दोष देतो, इंधनाला दोष देतो. मोजलेला प्रत्येक आकडा बरोबरच असतो, कारण मोजमाप कोरड्या प्लगवर केलेलं असतं.

याच्यावरचा उपाय म्हणजे बॅटरी अतिशय वेगाने चालू-बंद करणं. 1972 मध्ये बाजारात आलेली 555 टायमर चिप, आणि त्या दशकाच्या शेवटी आलेले पॉवर मॉसफेट, यांच्यामुळे हे घरच्या टेबलावर शक्य झालं. मॉसफेट चालू असताना मध्ये मोठा रोध नसतो, त्यामुळे तारेला पुन्हा सेलसारखं वागणारा स्रोत मिळतो. आज घरी बनवलेल्या चांगल्या इग्नायटरमधलं सर्किट म्हणजे जुन्या ड्राय सेलची नक्कल आहे, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

माझा मूर्खपणा

माझं पीएचडीचं काम प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथॅनॉलचं ऑक्सिडेशन कसं होतं यावर आहे. ग्लो प्लग म्हणजे माझ्या विषयाचा सगळ्यात स्वस्त नमुना. म्हणून एका मित्राच्या बोटीसाठी मी असा इग्नायटर बनवायला घेतला. 12 व्होल्टची बॅटरी, प्लगला हवेत 1.2. मी म्हटलं, सोपं आहे, दहापैकी एक भाग वेळ चालू, नऊ भाग बंद. 12 चा दहावा हिस्सा 1.2. ड्यूटी सायकल 10 टक्के.

मल्टिमीटर डीसीवर लावला. काटेकोर 1.2 व्होल्ट दाखवले. समाधानाने प्लग जोडला. तो एकदा पांढराशुभ्र चमकला आणि गेला. वेटोळं मधोमध तुटलेलं.

तुम्ही पुढे वाचायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि चूक शोधा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे.

उष्णता व्होल्टेजवर नाही, व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. 1.2 व्होल्टला जी उष्णता मिळते, तिच्या शंभरपट 12 व्होल्टला मिळते. म्हणून बॅटरी शंभरातला एकच भाग वेळ चालू ठेवायला हवी होती, दहातला एक नव्हे. रोध तोच धरला तर मी दहापट उष्णता दिली, 3.6 च्या जागी 36 वॉट. आणि मल्टिमीटर? डीसीवर तो सरासरी दाखवतो. माझी चूक सरासरीचीच होती, त्यामुळे यंत्राने माझीच बाजू घेतली. चूक करणारा आणि चूक तपासणारा एकाच गृहीतकावर उभे असले की तपासणीला काही अर्थ राहत नाही.

हे मला आर-एम-एस माहीत नव्हतं म्हणून झालं नाही. परीक्षेत मी ते तीनदा तरी लिहिलंय. झालं ते यामुळे, की 'दीड व्होल्टचा प्लग' हे शब्द डोक्यात बसले होते आणि मी व्होल्ट जुळवायला गेले. प्लगला व्होल्ट नको होते, उष्णता हवी होती. व्होल्ट ही जुन्या सेलची भाषा होती. सेल गेल्यावर ती भाषा मी तशीच उचलली.

तुम्हाला बनवायचा असेल तर

पहिल्यांदा बनवताना सर्किटच्या नादी लागू नका. 1.2 व्होल्टचा, जास्त करंट देऊ शकणारा एक चांगला निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. लिथियमचा 3.7 व्होल्टचा सेल प्लगला थेट कधीही जोडू नका.

वायरकडे लक्ष द्या. बोटीत इंजिन खोल बसलेलं असतं, वर झाकण असतं, त्यामुळे वायर लांब घ्यायचा मोह होतो. जाता-येता मिळून 2 मीटर, 0.75 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध जवळपास 0.047 ओम. ऐकायला काहीच नाही, पण प्लग स्वतःच 0.4 ओमचा आहे! तारेतली उष्णता जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. तेवढीच वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध 0.014 ओमवर येतो. गंजलेली क्लिप, कच्चं सोल्डर यांचाही हाच हिशेब.

मालिकेत 5 अ‍ॅम्पियरपर्यंतचा एक अ‍ॅमीटर जरूर लावा. इंजिनाच्या आत डोकावता येत नाही, पण काटा आतलं सांगतो. नेहमीचा करंट म्हणजे तार ठीक. नेहमीपेक्षा जास्त म्हणजे तार थंड, बहुधा इंधनाने भिजलेली. शून्य म्हणजे तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही. प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर बदलतो, याच गुणावर प्रयोगशाळेतला प्लॅटिनम थर्मामीटर चालतो. तुमचा इग्नायटर हाही एक थर्मामीटरच आहे, फक्त त्यावर आकडे छापलेले नाहीत.

आणि जपून. मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. इंधनाची बाटली क्लिपपासून लांब, आणि बोटं फ्लायव्हीलपासून लांब.

मग इतिहासाने काय दिलं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मी प्लग जाळला तो प्लगचा इतिहास वाचायच्या आधी. नंबर 6 सेलबद्दल, त्याच्या अंतर्गत रोधाबद्दल मी नंतर वाचलं, आणि तेव्हा कळलं की माझ्याकडे असलेला 'दीड व्होल्ट' हा आकडा एका संपूर्ण वाक्याचा उरलेला शेवटचा शब्द होता. मूळ वाक्य असं काहीसं होतं: 'घरात मिळणारा जाड ड्राय सेल, जो भाराखाली थोडा उतरतो आणि तार थंड पडली की जास्त देतो.'

तुम्ही रिसर्चला याल तेव्हा अशा उरलेल्या शब्दांमध्येच येऊन पडाल. लॅबमध्ये एखादा नमुना 80 अंशांवरच वाळवायचा असतो, बारा तासच ठेवायचा असतो. विचारलं तर सीनियर सांगतील, "आपल्याकडे असंच करतात." त्यात वाईट काही नाही, बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण ज्या दिवशी तुम्ही ओव्हन बदलाल, रसायनाचा पुरवठादार बदलाल, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलाल, त्या दिवशी आकडा तोच ठेवूनही निकाल बदलू शकतो. कारण जुनं उपकरण आकड्याखेरीज आणखी काहीतरी मुकाट करत होतं, आणि ते कुणी कधी लिहून ठेवलेलं नसतं. त्याचं कामच इतकं बिनबोभाट होतं की लिहायची गरज वाटली नाही.

म्हणून एक छोटा गृहपाठ. तुमच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमधला कुठलाही एक ठरलेला आकडा घ्या. तो पहिल्यांदा कुठल्या पेपरमध्ये आला ते मागे मागे जात शोधा. त्या पेपरात कुठलं उपकरण होतं, त्या काळी दुसरं काय मिळत होतं, ते वहीत लिहा. मग एका ओळीत लिहा: हा आकडा निसर्गातून आला, की कुणाच्या कपाटातून? एका संध्याकाळचं काम आहे. मुलाखतीत गाईडने विचारलं, "हीच कंडिशन का घेतली?" तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

मित्राची बोट आता 1.2 व्होल्टच्या एका सेलवर सुरू होते. त्या मॉसफेटच्या सर्किटवर मी परत काम करतेय, या वेळी ड्यूटी सायकल एक टक्का. जळलेला प्लग टेबलावर मल्टिमीटरशेजारीच ठेवलाय.